एकमताचा न्यायाधीश

अवेनीर लुकिच कुद्रिन यांच्यासारखी नोकरी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. दर तीन वर्षांनी आमच्या जिल्हा सभेचे सगळे सभासद रांगेने उठायचे आणि एका पेटीत लाकडी गोट्या टाकायचे. उजवा कप्पा 'हो'चा, डावा 'नाही'चा. सगळ्या गोट्या उजवीकडे पडल्या, तर अवेनीर लुकिच पुढची तीन वर्षं न्यायाधीश. एक, फक्त एक गोटी डावीकडे पडली, की अवेनीर लुकिच कोणीच नाहीत.

बाकीच्या न्यायाधीशांना हा जाच नव्हता. त्यांना निम्म्याहून एक जास्त मिळाली की झालं. कारण त्यांच्याकडे जमीन होती, किंवा विद्यापीठाची पदवी तरी. अवेनीर लुकिचकडे जमीन म्हणाल तर खिडकीतल्या कुंडीत होती तेवढीच, आणि शिक्षण अर्ध्यात सुटलेलं. कायदा म्हणायचा, अशालाही न्यायाधीश करता येईल, पण मग सभेतल्या एकानेही नाही म्हणता कामा नये. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा संत असावा. चेर्नोलुच्येची जिल्हा सभा तर नक्कीच नसावी. आमच्या सभेने पुलाला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, यावर दोन वर्षं वाद घातला. तोवर पूलच वाहून गेला.

मी त्यांचा कारकून. त्यांची खुर्ची गेली की माझं स्टूलही गेलं, तेव्हा मी हे सगळं तटस्थपणे सांगतोय असं कुणी समजू नये.

अवेनीर लुकिच चर्चमधल्या एका डीकनचे, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसाचे, चिरंजीव. बापाने पाद्री करायला म्हणून शाळेत घातलं, तिथून त्यांना हाकललं, कारण बिशपसाहेब प्रवचन देत असताना ते हसले. बिशपसाहेब पाप कसं न कळत आत शिरतं ते सांगत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या दाढीत एक माशी शिरली होती. मग पोरगं जुन्या कोर्टात नक्कलनवीस म्हणून चिकटलं. त्या कोर्टात न्याय बंद दाराआड चालायचा. न्यायाधीशाला पक्षकाराचं तोंड कधी दिसायचं नाही; दिसायचा तो पक्षकाराने पाठवलेला हंस, तोही भाजलेला. मांस साहेबांकडे जायचं आणि पिसं लेखण्या करायला अवेनीर लुकिचकडे यायची.

आणि मग नवी कोर्टं आली! ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना काय सांगावं. दारं सताड उघडी! कुणीही आत या, वकील नको, अर्ज नको, तोंडाने बोला, तोंडावर निकाल घ्या. छोट्या भांडणांसाठी वेगळा न्यायाधीश नेमला, त्याला लोक 'मिरोवोय' म्हणायचे. त्याचं पहिलं काम निकाल देणं नव्हे, समेट घडवणं. पहिल्या दिवशी आमच्याकडे गर्दी इतकी झाली की दोन माणसं केवळ आत शिरायला मिळावं म्हणून बाहेर भांडली. आमचे पहिले मिरोवोय हे एक थकलेले जमीनदार होते. ते खुर्चीत झोपायचे आणि त्यांचे कारकून अवेनीर लुकिच त्यांच्या कानात निकाल सांगायचे. म्हातारबुवा निवृत्त होताना सभेत म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या निकालांचं कौतुक केलंत. ते ज्याचे होते त्यालाच आता बसवा."

पहिल्या खेपेला एकमत झालं ते जेवणाच्या वेळेमुळे. अध्यक्षांच्या घरी पिठात स्टर्जन मासा भरून भाजलेला पिरोग भट्टीतून निघाला होता आणि त्याचा वास सभागृहाच्या खिडकीतून आत येत होता. सभासदांनी धपाधप गोट्या टाकल्या आणि पळाले. दुसऱ्या खेपेला समोर गव्हर्नरसाहेबांचा एक भाचा उभा होता. त्याने भाषणात सांगितलं की निवडून आलो तर हंसांच्या झुंजी बंद करीन. त्याचं पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही.

हंसांबद्दल इथेच सांगून टाकतो. मोती टिपणारे, दूध आणि पाणी वेगळं करणारे ते हंस आमच्याकडचे नव्हेत. आमच्या हंसासमोर दूध आणि पाणी ठेवलं तर तो दोन्ही लाथाडून तुमच्या पोटरीचा चावा घेईल. चेर्नोलुच्ये हे कुलुपं करणाऱ्यांचं गाव. आठवडाभर घराघरांतून कानशी चालतात आणि रविवारी, ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात, सगळं गाव नदीकाठच्या कुंपणाशी जमतं. प्रत्येक झुंजार हंस आपल्या दोन हंसिणी घेऊन येतो. त्या मागे उभ्या राहून कलकलाट करतात, कारण बायका बघत नसतील तर आमचा हंस लढत नाही. या बाबतीत तो मालकावर गेलेला असतो. नियम एकच: चोच मारायची ती पंखाच्या खांद्यावर. डोक्याला धरलं की बाद.

अवेनीर लुकिचना या झुंजींचं वेड होतं, पण न्यायाधीश झाल्यापासून त्यांनी हंस पाळला नाही. "उद्या माझ्याच हंसाचा खटला माझ्यापुढे आला तर?" ते म्हणायचे. रविवारी ते कुंपणाच्या मागच्या रांगेत, टोपी कपाळावर ओढून उभे राहायचे आणि ओठ मिटून घ्यायचे. त्यांचे कान लालभडक व्हायचे. ते पाहून आजूबाजूच्यांना कळायचं की झुंज चांगली रंगली आहे.

आता साखळी. मिरोवोय निकाल द्यायला बसला की गळ्यात सोनेरी मुलाम्याची साखळी घालतो. ती घातली की तो कोर्ट. काढली की तो आपला अवेनीर लुकिच. कायदा असाही होता की कुठे दंगा दिसला तर मिरोवोयने जिथे असेल तिथे साखळी घालावी. त्या क्षणी तिथे कोर्ट सुरू. बाजारात घाला, बाजार म्हणजे कोर्ट. आणि काय सांगू, आमच्या साहेबांत त्या साखळीने खरोखर फरक पडायचा! एरवी पोटावर हात ठेवून खदाखदा हसणारा माणूस. साखळी घातली की पाठ ताठ, आवाज खाली, डोळे स्थिर. त्यांच्या पत्नी ग्लाफिरा ओसिपोव्हना जेवायला हाक मारताना आधी विचारायच्या, "साखळी काढलीत का? काढली असेल तरच या. मला कोबीचं सूप कोर्टाला वाढायचं नाही."

तिसरी निवडणूक आली ती ऐन मोठ्या उपवासात. अध्यक्ष आजारी पडल्यामुळे सभा शरदातून पुढे ढकलत ढकलत तिथवर आली होती. ही वेळ वाईट. ना मांस, ना लोणी, ना मासा. मशरूम आणि खारवलेल्या काकड्या खाऊन सभासद आतून धुमसत असतात. ग्लाफिरा ओसिपोव्हना म्हणाल्या, "उपाशी माणूस डावीकडे गोटी टाकतो. अहो, ईस्टरनंतर सभा घ्यायला सांगा ना."

"ग्लाशा, सभा काय माझ्या सासऱ्याची आहे?"

"माझ्या बापाला मध्ये आणू नका. त्याच्याकडे जमीन होती."

इथवर ठीक होतं. पण मतदानाच्या आधीच्या आठवड्यात रविवारी झुंज झाली. एका बाजूला सावेली येर्मिलिच चुर्किन यांचा हंस 'तुर्क'. चुर्किन म्हणजे आमचे मोठे कुलूपवाले, त्यांची कुलुपं पार इराणपर्यंत जायची. दुसऱ्या बाजूला निवृत्त कॅप्टन इपोलीत ग्लेबोविच शेवेल्योव यांचा 'फेल्डमार्शल'. कॅप्टनसाहेबांच्या मिशा दोन्ही बाजूंनी माणसाच्या आधी खोलीत शिरायच्या. दोघेही सभेचे सभासद. झुंज रंगात आली असताना कॅप्टनसाहेब ओरडले की तुर्कने डोक्याला धरलं. चुर्किन म्हणाले, पंखालाच धरलं, लष्करात डोकं कुठे असतं ते शिकवत नाहीत का? त्यावर कॅप्टनसाहेबांनी साऱ्या गावासमोर ते वाक्य उच्चारलं.

"तुझा हंस तुझ्या कुलुपासारखाच! खिळा घातला की उघडतो!"

सगळं गाव गप्प झालं. हंसिणीसुद्धा गप्प झाल्या, असं लोक सांगतात. दुसऱ्या गावात माणसाच्या आईवरून बोललं तर भांडण होतं. आमच्याकडे आईवरून बोललेलं एक वेळ लोक विसरतील. पण कुलूप खिळ्याने उघडतं म्हणणं! चुर्किन पांढरेफटक पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं ऑफिस उघडायच्या आधी ते पायरीवर येऊन बसले होते.

"अब्रुनुकसानी," ते म्हणाले. "लिही, नीकोन पेत्रोविच. चारचौघांत अपमान. आणि त्या मिशाळाला आत टाक."

मी अवेनीर लुकिचकडे पाहिलं. अवेनीर लुकिचनी छताकडे पाहिलं. हिशेब अगदी सोपा होता. चुर्किनच्या बाजूने निकाल दिला तर कॅप्टनची गोटी डावीकडे, कॅप्टनच्या बाजूने दिला तर चुर्किनची. दोन्हीकडून नोकरी गेली.

"पुढची तारीख दे की बाबा," गावचे डॉक्टर, साहेबांचे मित्र, त्या संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले. "ताप आलाय म्हण. मी लिहून देतो, कुठला हवा तो ताप."

"मला ताप नाही."

"येईल! मतदानापर्यंत थांब, आपोआप येईल!"

अवेनीर लुकिचनी मान हलवली. "माणूस पहाटे येऊन पायरीवर बसला. त्याला मी मतदानानंतर ये म्हणू?" मग म्हणाले, "समेट करून बघतो. मिरोवोयचं पहिलं काम समेट."

दोघांना बोलावलं. साहेबांनी साखळी अजून घातली नव्हती. समेटाचं बोलणं ते नेहमी साध्या कोटात करायचे. चहाचा समोवार मधे ठेवला, दोघांना दोन बाजूंना बसवलं.

"सावेली येर्मिलिच, कॅप्टनसाहेब रागात बोलले."

"मीही रागात आलोय."

"इपोलीत ग्लेबोविच, दोन शब्द म्हणा, संपवा. 'तुझी कुलुपं चांगली आहेत.' चारच शब्द."

कॅप्टनसाहेबांनी मिशी पिळली. "आधी तो म्हणू दे, की तुर्कने डोक्याला धरलं."

"पंखाला!"

"डोक्याला!"

"तुम्हाला तुमच्या मिशांपलीकडचं काही दिसतं का हो?"

अर्धा समोवार संपला तरी हंस पंखावरून डोक्यावर आणि डोक्यावरून पंखावर. शेवटी चुर्किन टेबलावर हात आपटून म्हणाले, "ठीक आहे! पुन्हा लढवू. रविवारी. तुर्क जिंकला तर हा सगळ्यांसमोर माफी मागेल. हरला तर मी तक्रार मागे घेतो."

"मंजूर!" कॅप्टनसाहेब खुर्चीवरून उठलेच.

अवेनीर लुकिचचे कान तिथेच लाल व्हायला लागले. "नीकोन पेत्रोविच," त्यांनी मला बाजूला ओढून विचारलं, "समेट कसा करावा याला कायद्यात काही बंधन आहे?"

"नाही, साहेब."

"हंसांमार्फत?"

"हंसांना मनाई नाही, साहेब."

त्यांनी मला मिठी मारली!

रविवारी नदीकाठ असा भरला होता, की मागच्या लोकांनी पुढच्यांच्या खांद्यांवर बसायचे करार केले होते. बर्फ वितळून चिखल झालेला, त्यात बूट रुतलेले, श्वासांची वाफ. सूर्यफुलाच्या बिया विकणारी बाई ओरडत होती, "खा रे, खा, नाहीतर नखं खाल!" चुर्किनचे कारागीर एका बाजूला, कॅप्टनसाहेबांचे गाडीवान दुसऱ्या बाजूला. अवेनीर लुकिच या वेळी मागच्या रांगेत नव्हते. समेटाचे साक्षीदार म्हणून ते थेट कुंपणाला टेकून उभे होते, साखळी कोटाच्या खिशात.

तुर्क आणि फेल्डमार्शल समोरासमोर आले. माना लांब, चोची खाली. मग भिडले! पंखांचा तो फडफडाट, मागे चार हंसिणींचा कल्ला, आणि पिसं हवेत. एकदा तुर्क ढकलत नेई, एकदा फेल्डमार्शल. कुणीतरी ओरडलं, "डोक्याला!" दुसऱ्याने ओरडणाऱ्याची टोपी उडवली. टोपीवाल्याने कॉलर धरली. बघता बघता कारागीर आणि गाडीवान एकमेकांत मिसळले, कुंपणाची एक फळी उखडली गेली आणि ती कुणाच्या तरी डोक्यावर उचललेलीही दिसली.

अवेनीर लुकिचनी खिशात हात घातला आणि साखळी गळ्यात टाकली.

"कोर्ट सुरू आहे!"

काय ती जादू! फळी हवेतच थांबली. टोप्या उतरल्या. शेकडो माणसं चिखलात उघड्या डोक्याने चिडीचूप उभी. मी इतकी वर्षं त्या साखळीजवळ काढली, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

फक्त हंसांना कायदा ठाऊक नव्हता. ते लढतच होते. त्या शांततेत त्यांच्या पंखांचा आवाज एकटाच येत होता आणि सगळ्यांचे डोळे, कोर्ट चालू आहे म्हणून पुढे वळलेले असले तरी, तिरपे होऊन तिकडेच लागले होते. अवेनीर लुकिचचेही. त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग गाल. तुर्कने मान फिरवली, फेल्डमार्शलचा खांदा त्याच्या चोचीसमोर अगदी उघडा आला, आणि सहा वर्षं मिटलेले ते ओठ उघडले.

"पंखाला धर, राजा! धर! पंखाला!"

नदीच्या पलीकडून प्रतिध्वनी आला. त्यानेही तेच म्हटलं.

शेकडो डोकी हंसांवरून न्यायाधीशाकडे वळली. साखळी गळ्यात, हात हवेत, तोंड उघडं. कॅप्टनसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे कोर्टाने बाजू घेतली."

अवेनीर लुकिचनी हात खाली आणला. पाठ ताठ झाली. आवाज खाली गेला.

"कोर्ट चालू असताना," ते म्हणाले, "एका इसमाने आरडाओरडा करून कोर्टाची शांतता भंग केली. इसमाचं नाव कुद्रिन, अवेनीर लुकिच. कोर्ट त्याला बाहेर काढत आहे."

आणि ते वळून निघाले. गर्दीने दोन्ही बाजूंना सरून वाट करून दिली. ते चिखलातून चालत त्या वाटेने बाहेर गेले, साखळीसकट. कोर्टाने न्यायाधीशाला हाकललं आणि न्यायाधीशाबरोबर कोर्टही निघून गेलं! मग सूर्यफुलाच्या बिया विकणारी बाई खिदळली, आणि सारा नदीकाठ पोट धरून हसायला लागला. चुर्किनही हसले. कॅप्टनसाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"ते जाऊ दे," कुणीतरी म्हणालं, "जिंकलं कोण?"

आम्ही कुंपणात पाहिलं. तुर्क आणि फेल्डमार्शल, सहा जणांचं एकच कुटुंब असल्यासारखे, चारही हंसिणींसह सांडलेल्या बिया टिपत होते. शेवट कुणीच पाहिला नव्हता! कोण पळालं, कुणी धरलं, कुठे धरलं. सगळं गाव त्या वेळी न्यायाधीशाचं तोंड पाहत होतं. चुर्किनचं हसू थांबलं. "मग तक्रार कायम," ते म्हणाले.

सोमवारी खटला, मंगळवारी मतदान.

आता पेच आणखी घट्ट झाला होता. चुर्किनला न्याय द्यावा तर सगळे म्हणणार, हा तर तुर्कच्या बाजूने ओरडला होता. कॅप्टनना सोडावं तर म्हणणार, गोटीला घाबरला. त्या संध्याकाळी अवेनीर लुकिचनी चहाला हात लावला नाही. ग्लाफिरा ओसिपोव्हनांनीच मार्ग काढला. "अहो, तुम्ही ओरडलात ना? मग त्यांना सांगा, माझ्यावर हरकत घ्या. खटला शेजारच्या हद्दीतल्या न्यायाधीशाकडे जाईल. तुमचं तोंड झुंजीला कायम बंद असायचं ते एकदा उघडलं, त्याचा काही उपयोग तरी होऊ दे."

हे कायद्याला धरून होतं. सोमवारी खोली खच्चून भरली. साहेबांनी साखळी घातली आणि म्हणाले, "काल मी एका हंसाला उत्तेजन दिलं. पक्षकारांनी माझ्यावर हरकत घेतली तर मी खटला दुसरीकडे पाठवीन. घ्यावी, असं सुचवतो."

दाराच्या फटीतून ग्लाफिरा ओसिपोव्हनांचा डोळा दिसत होता. तो मिटला, प्रार्थनेसाठी.

"माझी हरकत नाही," चुर्किन म्हणाले. त्यांची कशाला असेल.

कॅप्टनसाहेब उठले. "शेवेल्योव आपल्या गावच्या न्यायाधीशाला घाबरून परगावी जात नसतो. द्या निकाल!"

फटीतला डोळा नाहीसा झाला.

"आपण ते वाक्य बोललात?"

"बोललो. आणि खरं सांगू का हुजूर, बोलताना छान वाटलं."

"सावेली येर्मिलिचचं कुलूप आपण कधी खिळ्याने उघडून पाहिलंत?"

"माझ्या कोठारालाच आहे. किल्ली हरवली तेव्हा दोन दिवस खटपट केली," कॅप्टनसाहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "शेवटी दार तोडावं लागलं."

खोलीत हशा उसळला. चुर्किनची छाती फुगली. अवेनीर लुकिच हसले नाहीत. गळ्यात साखळी होती.

"चारचौघांत अपमान केल्याबद्दल दोन दिवस कोठडी," ते म्हणाले. "हंसाने कुठे धरलं याच्याशी कोर्टाचा संबंध नाही."

इतक्या छोट्या शिक्षेवर अपील नसायचं; ती तिथल्या तिथे लागू व्हायची. कॅप्टनसाहेबांच्या मिशा आडव्याच्या उभ्या झाल्या. टोपी डोक्यावर आपटून ते गरजले, "दोन दिवस? आत्ताच जातो! शिपाई, चल!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्ताच! म्हणजे उद्या मतदानाला कॅप्टनसाहेब कोठडीत! जो हजर नाही त्याची गोटी नाही! मी साहेबांची बाही ओढली. "जाऊ द्या, साहेब. स्वतःहून जातोय." दाराआडून कुजबुज आली, "अहो, ऐका त्याचं!" कुजबुज कसली, रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल.

अवेनीर लुकिचनी बाही सोडवून घेतली.

"इपोलीत ग्लेबोविच, परत या. उद्या सभा आहे आणि आपण सभासद आहात. लोकांनी आपल्याला तिथे बसायला निवडलंय. शिक्षा सभा संपल्यावर सुरू होईल."

"मला आत्ता जायचंय!"

"कोर्ट आपल्याला परवानगी देत नाही."

कॅप्टनसाहेब त्यांच्याकडे पाहतच राहिले. कोठडीत टाकत नाही म्हणून न्यायाधीशावर भडकलेला आरोपी मी तेवढा एकच पाहिला. "उद्या काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठाऊक आहे."

"बरं," म्हणाले, आणि दार आपटून गेले.

मंगळवारी सभागृहात खारवलेल्या काकड्यांचा वास होता. पेटी टेबलावर ठेवली होती, वरून हिरव्या कापडाची बाही. त्यात हात घालायचा, म्हणजे गोटी कुठे गेली ते दिसत नाही. दिसत नाही, पण ऐकू येतं! डाव्या कप्प्यातलं कापड कधीच फाटलं होतं. उजवीकडे पडलेली गोटी गप्प पडायची, डावीकडची लाकडावर 'टक्' वाजायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि नवं कापड लावायचा ठराव गेली कित्येक वर्षं चर्चेत होता. त्यामुळे मतदान सुरू झालं की सभागृहात कुणी खोकत नसे.

अवेनीर लुकिच भिंतीशी उभे होते, साध्या कोटात. मी मागे. पहिला गेला, गप्प. दुसरा, गप्प. पाद्रीबुवा, गप्प. चुर्किन छाती काढून गेले, आणि त्यांनी हात बाहेर काढून सगळ्यांना रिकामा तळवा दाखवला. शेतकरी सभासद एकामागून एक गेले. प्रत्येकाने आधी क्रूसाची खूण केली, जणू पेटी चावते. गप्प, गप्प, गप्प! शेवटचे उरले कॅप्टन शेवेल्योव.

ते सावकाश उठले. मिशा नीट केल्या. टेबलापर्यंत असे चालले जसं काही परेड आहे. गोटी घेतली, कोपरापर्यंत हात बाहीत घातला, आणि थांबले. त्यांनी अवेनीर लुकिचकडे पाहिलं. अवेनीर लुकिचनी त्यांच्याकडे पाहिलं. हात आतच.

टक्!

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. चुर्किन ताडकन उठून उभे राहिले, त्यांची खुर्ची पडली. डॉक्टरांनी चष्मा काढला. अवेनीर लुकिच हलले नाहीत. फक्त त्यांच्या कानांतला सगळा लाल रंग उतरून गेला. मी मनातल्या मनात माझं स्टूल विकायला काढलं. कॅप्टनसाहेब शांतपणे जागेवर जाऊन बसले आणि पायावर पाय टाकला.

अध्यक्षांनी किल्ली फिरवली. आधी डावा कप्पा ओढला. आत वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. कप्पा उलटा करून झटकला.

"रिकामा," ते म्हणाले.

मग उजवा ओढला, आणि गोट्या टेबलावर घरंगळल्या, खाली पडल्या, सभासदांच्या बुटांखाली गेल्या. सगळ्या! एकूण एक! सभागृहात काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. म्हातारे शेतकरी एकमेकांच्या दाढ्यांवर मुके घेत होते. चुर्किन खुर्चीवर चढून ओरडत होते. अध्यक्ष घंटा वाजवत होते आणि ती कुणाला ऐकू जात नव्हती, बहुधा त्यांनाही नाही.

अवेनीर लुकिच भिंतीवरून घसरत जमिनीवर बसले होते. कॅप्टनसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बोटातली जाड अंगठी वर करून दाखवली.

"याने वाजवलं. लाकडावर."

"का हो?" अवेनीर लुकिचनी विचारलं. "का, इपोलीत ग्लेबोविच?"

"मला दोन दिवस," कॅप्टनसाहेब म्हणाले, "तुम्हाला दोन श्वास. आता फिटलं." त्यांनी हात पुढे करून न्यायाधीशाला उभं केलं, पाठीवरची धूळ झटकली आणि दाराकडे वळले. "चला, कुणीतरी मला कोठडीची वाट दाखवा. आणि ग्लाफिरा ओसिपोव्हनांना सांगा, मशरूमचा पिरोग पाठवा. कोबीचं सूप नको, तिथे तेच देतात."

अवेनीर लुकिच त्यांच्या मागे धावत सुटले. "थांबा, मी येतो दाखवायला! अहो, गोधडी तरी घ्या, तिथे फार गारठा असतो!"